कामावरची दुखापत आणि भरपाईचा हक्क

सुगीत मळणी यंत्रावर, जिनिंगमध्ये, वीटभट्टीवर, बांधकामावर आपल्यातल्या कितीतरी जणी मजुरीला जातात. तिथं बोट तुटलं, हात सापडला, तर पहिलं वाक्य ऐकू येतं, "तिचंच लक्ष नव्हतं." ती बाईही तेच म्हणते आणि दवाखान्याचा खर्च स्वतःच सोसते. पण भरपाई मागता येते की नाही, हे त्या वाक्यावर ठरत नाही. ते कशावर ठरतं, हे समजायला मुंबईच्या जुन्या गिरण्यांपर्यंत मागं जावं लागेल.

1881 साली कारखान्यांचा पहिला कायदा आला. धोक्याच्या यंत्राला आडोसा असावा, असं त्यात होतं. पण यंत्रात हात गेलाच, तर त्या कामगारानं खायचं काय, याचं उत्तर त्यात नव्हतं. मालकाकडून पैसे हवे तर मालकाची चूक कोर्टात सिद्ध करायची. ज्याचा हात गेला, पगार थांबला, त्यानं वकील कुठून आणायचा?

या कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. ते जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे 5,500 कामगारांच्या वतीनं निवेदन तयार झालं. रविवारी सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विश्रांती हवी, हे त्यात होतंच. शिवाय एक मागणी अशी होती: कामावर जबर दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचं अपंगत्व आलं तर पोटाची सोय व्हावी.

1890 च्या एप्रिलमध्ये मुंबईत सुमारे 10,000 कामगारांची सभा झाली. तिथं दोन कामगार बायकाही बोलल्या. त्याच वर्षी रविवारची सुट्टी मिळाली. भरपाईची मागणी मात्र तशीच राहिली. 1897 मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे गेले. कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला तो 1923 साली, आणि लागू झाला 1 जुलै 1924 पासून.

या कायद्यानं प्रश्नच बदलला. "चूक कुणाची?" याऐवजी "दुखापत कामामुळे आणि काम चालू असताना झाली का?" असं विचारलं गेलं. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच कसोटी ठेवली आहे.

म्हणून गटात अशी गोष्ट आली, की तीन प्रश्न विचारा. एक, काम दुसऱ्याचं, मजुरीवरचं होतं का? दोन, दुखापत त्या कामातूनच झाली का? तीन, तिच्यामुळे तीन दिवसांहून जास्त काम बुडालं, किंवा कायमची काही उणीव राहिली का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर दाव्याचा विचार जरूर करा. लक्ष चुकलं, एवढ्यानं हक्क जात नाही. नशेत असणं, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडणं, आडोसा मुद्दाम काढणं, ही कारणं आड येऊ शकतात. पण मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर तीही चालत नाहीत.

सगळीच कामं मात्र यात बसत नाहीत. शेतीत ट्रॅक्टर, मळणी यंत्र अशा यंत्रांवरची मजुरी यादीत आहे. कारखान्यात विम्याची वर्गणी कापत असतील, तर मागणी राज्य कामगार विम्याकडं करायची.

किती टक्के कमाईची ताकद गेली, याचा तक्ताही कायद्यात आहे. अंगठा गेला तर 30 टक्के, अंगठ्याजवळचं बोट पूर्ण गेलं तर 14, पंजा गेला तर 60. त्यावर, मजुरीवर आणि वयावर रक्कम ठरते.

ठेकेदारानं हजार-दोन हजार हातावर ठेवून कागदावर अंगठा घेतला, तरी हक्क संपत नाही. हक्क सोडल्याचा असा करार 1923 च्या कायद्यानं रद्दच ठरवला. बाईची एकरकमी भरपाईसुद्धा मालकानं परस्पर न देता आयुक्तांकडं भरायची, असं त्यात लिहिलं होतं.

वेळ मात्र दवडू नका. जुन्या कायद्यात दाव्याला दोन वर्षांची मुदत होती. दुखापत कुठं, कशी झाली, ते दवाखान्यात पहिल्याच दिवशी नीट सांगा आणि कागदावर लिहून घ्या. सोबत कोण होतं, मजुरी किती होती, ते वहीत टिपा. तालुक्याच्या विधी सेवा समितीत बाईला वकील मोफत मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही.

5,500 जणांनी मागितलेली ही गोष्ट मिळायला जवळजवळ 40 वर्षं लागली. "माझंच लक्ष नव्हतं" म्हणून ती सोडून देऊ नका, मैत्रिणींनो.