इतिहास विभागात आपले अर्ज गेले पाहिजेत

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमावलीत एक ओळ घातली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक संशोधन यासाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. ही शिष्यवृत्ती प्रामुख्याने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. म्हणजे हजारो वर्षे ज्यांना लिहू दिले नाही, त्यांनाच सरकार सांगते आहे की इंजिनिअरिंग करा, मॅनेजमेंट शिका, पण इतिहासाच्या वाटेला जाऊ नका.

भारताच्या इतिहासाची साधने भारतातच आहेत, त्यासाठी परदेशात कशाला जायचे, असा युक्तिवाद तेव्हा झाला. ऐकायला बरा वाटतो. पण १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लष्करात व पोलिसात महारांची भरती सुरू करावी म्हणून अर्ज केला, तो कुणाकडे? लंडनला, भारतमंत्र्यांकडे. त्या भारतमंत्र्यांच्या इंडिया ऑफिसचे दप्तर आज कुठे आहे? लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. दीडशे वर्षांचा कारभार ज्यांनी लंडनहून केला, त्यांची कागदपत्रे लंडनलाच असणार. शिवाय परदेशात माणूस फक्त कागद पाहायला जात नाही. गुलामगिरीचा, वंशभेदाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कोणत्या पद्धती वापरल्या, हेही शिकायला जातो.

बाबासाहेबांचेच पाहा. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र, हे आपण भाषणांत सांगतो. पण त्यांनी तिथे घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी बघितली तर अर्थशास्त्राचे २९ आणि त्याखालोखाल इतिहासाचे ११ आहेत. १९३० मध्ये कोलंबियातल्या दिवसांविषयी लिहिताना त्यांनी चार प्राध्यापकांची नावे आदराने घेतली. ड्यूई आणि सेलिग्मन आपल्याला माहीत आहेत. उरलेले दोघे, जेम्स शॉटवेल आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन, इतिहासकार होते. एम.ए.चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन आणि अर्थव्यवहारावर. ९ मे १९१६ रोजी वाचलेला निबंध भारतातील जातींच्या उत्पत्तीवर. आज २०२२ च्या नियमावलीखाली त्यांनी अर्ज केला असता तर? पहिल्याच छाननीत बाद.

सगळा दोष सरकारवर टाकून मोकळे होता येत नाही. आपल्या वस्त्यांमध्ये मी कामानिमित्त फिरते. हुशार मुलगी असेल तर एमपीएससी, वकिली, नर्सिंग, फार तर एमएसडब्ल्यू. इतिहास म्हणजे दुसरीकडे नंबर लागला नाही म्हणून घेतलेला विषय. (समाजशास्त्राची तीच गत आहे, मी त्यातूनच एम.ए. केले.) घरची परिस्थिती पाहता हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. पण परिणाम काय होतो? चौदा एप्रिलला आणि एक जानेवारीला आपण इतिहासावर तावातावाने बोलतो, आणि वर्षभर तो लिहितो दुसराच कुणीतरी. महार चळवळीवर १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीएच.डी. केली ती एलिनॉर झेलिएट या अमेरिकन बाईंनी. त्यांचे उपकार आहेतच, पण प्रश्न आपल्याला विचारायचा आहे. शैलजा पाईक पुण्यातल्या येरवड्याच्या वस्तीत वाढल्या, फेलोशिप मिळवून इंग्लंडला गेल्या, वॉरविक विद्यापीठात पीएच.डी. केली, आज अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात इतिहास शिकवतात. दलित स्त्रियांचे शिक्षण आणि तमाशातल्या स्त्रिया या विषयांवर त्यांनी लिहिले आणि २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. तमाशावर मराठीत लिहिणारे पूर्वी कमी नव्हते. पण त्या बाईच्या जागी उभे राहून जातीचा प्रश्न विचारायला आपल्यातलीच इतिहासकार लागली.

आता अर्जाबद्दल, कारण आपली मुले इथेच अडतात. अमेरिकेत इतिहासाच्या पीएच.डी.चे अर्ज साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. चांगल्या विद्यापीठांत प्रवेश मिळाला तर बहुधा फी माफ आणि पाच वर्षे विद्यावेतन असते. म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचे दार बंद असले तरी हे दार उघडे आहे. जीआरई ही परीक्षा अनेक विभागांनी काढून टाकली आहे. अर्जाची फी डॉलरमध्ये असते, पण अनेक ठिकाणी ईमेल करून मागितली तर माफ होते. लाजू नका, मागा.

खरा भार असतो तो उद्देशपत्रावर. आपली बहुतेक पत्रे मी वाचते तेव्हा त्यात दुःख असते, बाबासाहेबांवरची श्रद्धा असते, समाजासाठी काम करण्याची इच्छा असते. निवड समिती मात्र विचारते की तुमचा प्रश्न काय, आणि तो कोणत्या कागदांतून सुटेल? ‘दलित चळवळीचा इतिहास अभ्यासायचा आहे’ हा प्रश्न नव्हे. १९५८ च्या कायद्याने महार वतने खालसा झाली. कब्जे हक्काची रक्कम भरून जमीन परत मिळायची होती. माझ्या तालुक्यात ती कुणी भरली, कुणाला भरता आली नाही, आणि आज सातबाऱ्यावर कुणाचे नाव आहे? हा प्रश्न आहे. त्याचे कागद तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये आहेत, जुने फेरफार आहेत, आणि उत्तर अर्धवट आठवणारी तुमची आजी घरातच बसली आहे. हार्वर्डच्या प्राध्यापकाकडे ती आजी नाही.

सोबत पंधरा-वीस पानांचा स्वतः लिहिलेला निबंध लागतो. गाईडवर एम.ए. झालेल्याकडे तो नसतो, म्हणून वर्षभर आधी लिहायला घ्या. आधी मराठीत लिहिला तरी चालेल, इंग्रजी नंतर दुरुस्त होते. शिफारसपत्रे तीन. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणणाऱ्या सरांकडून ते घेऊ नका. ज्यांनी तुमचे काही वाचले आहे अशा कमी नावाच्या प्राध्यापकाचे पत्र अधिक उपयोगी.

देशातली दारे सोपी आहेत असे नाही. जेएनयूमध्ये २०१६ साली अब्दुल नाफे समितीने दाखवले की वंचित गटांतील विद्यार्थ्यांचे लेखी आणि तोंडी परीक्षेतले गुण यांत सातत्याने तफावत पडते, आणि तोंडीचे गुण कमी करावेत अशी शिफारस केली. कागदावर जात दिसत नाही, समोर बसल्यावर दिसते. राज्यात बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या संशोधकांना आझाद मैदानात बसावे लागले. म्हणून २०२२ ची ती ओळ काढण्यासाठीचा लढा आणि अर्ज भरण्याचे काम, दोन्ही एकाच वेळी करावे लागेल. शिष्यवृत्तीचे नियम बदलत राहतात, तेव्हा व्हॉट्सॲपवर आलेल्या माहितीवर विसंबू नका, जाहिरात मुळातून वाचा.

एक काम मात्र आजच सुरू करता येईल. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कोट्यवधी कागद मोडीत आहेत. त्यांत आपली वतने, गावकीचे तंटे, बलुत्याचे हिशेब आहेत. मोडीचे छोटे वर्ग राज्यात ठिकठिकाणी भरतात. विहारात दर रविवारी आपण एकत्र येतोच. तिथे फळा आहे, खडू आहे, आणि एकाने शिकून आले की बाकीच्या दहांना शिकवता येईल.