रॉ फाइल आणि लेन्स-दुरुस्तीचा इतिहास

डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाही. प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश पडला एवढेच तो मोजतो. यावर ईस्टमन कोडॅकमधील ब्राइस बायर यांनी तोड काढली. प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच गाळक बसवायचा आणि डोळ्याला हिरव्या भागातले बारकावे अधिक जाणवत असल्याने निम्मे बिंदू हिरव्याला द्यायचे, अशी ही रचना. तिचे पेटंट १९७६ साली मिळाले. प्रत्येक बिंदूपाशी एकाच रंगाची नोंद असते. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने काढावे लागतात. हा हिशेब होण्याआधीची मोजमापे ज्या फाइलमध्ये साठवतात, ती रॉ फाइल.

कोडॅकने १९९१ साली व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी आणलेल्या डीसीएस कॅमेऱ्यात निकॉन एफ-३ला १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर जोडलेला होता. छायाचित्रे वेगळ्या पेटीतल्या २०० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कवर साठत आणि ती पेटी खांद्याला अडकवून फिरावे लागे. १९९२ साली जेपेग हे मानक आले आणि पुढे बहुतेक कॅमेरे रंगांचा हिशेब स्वतःच उरकून लहान आकाराची तयार फाइल देऊ लागले. मात्र जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६च पातळ्या मावतात. १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये ४,०९६. पांढऱ्या रंगाचा तोल चुकला किंवा सावलीतला तपशील दडला, तर तो नंतर सावरण्याची मुभा रॉ फाइलमध्येच उरली.

ही मुभा वापरणे सोपे नव्हते. निकॉनची एनईएफ, कॅननची सीआरडब्ल्यू अशा प्रत्येक कंपनीच्या फाइलची रचना वेगळी आणि बहुधा गुप्त होती. अमेरिकी प्रोग्रामर डेव्ह कॉफिन यांनी १९९७पासून या रचना एकेक करून उलगडल्या आणि ‘डीसीरॉ’ हा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. पुढच्या अनेक सॉफ्टवेअरांनी त्याचाच आधार घेतला. फोटोशॉपचे एक जनक थॉमस नोल यांनी लिहिलेले ‘कॅमेरा रॉ’ अॅडोबीने २००३ साली आणले. पाठोपाठ २००४ साली कंपनीने डीएनजी ही खुली रचना जाहीर केली. लायका आणि पेन्टॅक्स यांनी ती स्वीकारली. कॅनन आणि निकॉन आपापल्या रचनांवर ठाम राहिले. २००५ साली निकॉन डी२एक्सच्या फाइलमध्ये पांढऱ्या रंगाच्या तोलाची नोंद सांकेतिक स्वरूपात असल्याचे उघड झाले, तेव्हा छायाचित्र नेमके कोणाच्या मालकीचे यावर मोठा वाद झाला. कॉफिन यांनी तो संकेतही उलगडला.

लेन्सच्या दोषांचा प्रश्न याहून जुना. सरळ रेषा बाहेर फुगतात किंवा आत दबतात, कोपरे काळवंडतात, कडांना रंगीत किनार येते. फिल्मच्या काळात यावर उपाय काचेतच शोधावा लागे. त्याने लेन्स जड आणि महाग होई. हवाई सर्वेक्षणात अचूक मोजमाप लागत असल्याने रेषांच्या वाकण्याचे गणित तिथे आधी बसले. डुएन ब्राउन यांनी १९६०च्या दशकात मांडलेली समीकरणे आजही वापरात आहेत. केंद्रापासूनच्या अंतरानुसार बिंदू किती सरकला हे कळले, की तो उलट सरकवून जागेवर आणता येतो. फ्रान्सच्या डीएक्सओने प्रयोगशाळेत कॅमेरा-लेन्सच्या जोड्या मोजून २००४ साली अशी दुरुस्ती छायाचित्रकारांच्या संगणकावर आणली.

खरा बदल २००८ साली ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांच्या मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीने घडवला. यात लेन्स आपल्या दोषांचे आकडे कॅमेऱ्याला कळवते आणि ते रॉ फाइलमध्ये नोंदले जातात. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्सची मूळ प्रतिमाच डोळ्याला दिसे; इथे आरसा गेला, पडदा आला आणि छायाचित्रकाराला दुरुस्त प्रतिमाच दिसू लागली. त्यामुळे रेषांचे वाकणे सॉफ्टवेअरवर सोपवून लेन्स लहान आणि हलकी करणे रचनाकारांना शक्य झाले. हे आकडे न वापरणाऱ्या डीसीरॉमध्ये तीच छायाचित्रे उघडली, की वाकलेल्या रेषा स्पष्ट दिसत. २००९च्या डीएनजी आवृत्तीने अशा सूचनांना फाइलमध्ये अधिकृत जागा दिली, तर २०१०च्या लाइटरूम ३मध्ये लेन्सनिहाय दुरुस्ती आली. या सोयीची किंमतही आहे: कोपरे ताणले की तिथला तपशील पातळ होतो आणि काळोखी उजळली की दाणेदारपणा वाढतो.

२०१४ साली अँड्रॉइडने आणि २०१६ साली आयफोनने रॉ फाइलला वाट दिली. २०२०च्या अॅपल प्रोरॉमध्ये तर अनेक छायाचित्रे एकत्र करून, रंगांचा हिशेब उरकूनच फाइल तयार होते. रॉ म्हणजे हात न लागलेली नोंद, ही व्याख्या आता सरसकट लागू पडत नाही. आजचे छायाचित्र काच आणि गणित यांची संयुक्त निर्मिती असते. त्यामुळे लेन्सचा दर्जा ठरवताना तिच्यासोबतच्या सॉफ्टवेअरचाही विचार करावा लागतो.