सातबारा संगणकीकरण

सातबारा संगणकीकरण : महाराष्ट्रातील शेतजमिनीचे हक्क आणि पिके यांच्या नोंदी तलाठी दप्तरातून संगणकात नेण्याचा, व पुढे त्या नोंदींत फेरफार करण्याचे कामही संगणकावरच आणण्याचा शासकीय प्रकल्प. सुमारे ४४ हजार महसुली गावे आणि अडीच कोटींच्या आसपास उतारे एवढा त्याचा पसारा आहे. प्रकल्पाची सूत्रे पुण्यातील जमाबंदी आयुक्त कार्यालयाकडे, आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची आणि प्रत्यक्ष राबणूक तलाठी व मंडळ अधिकारी यांची, अशी त्याची मांडणी आहे. सरकारी संगणक प्रकल्पाची खरी कसोटी यंत्रापेक्षा दप्तराच्या स्थितीवर आणि ते सांभाळणाऱ्या माणसावर अवलंबून असते, याचे इतके ठळक उदाहरण राज्यात दुसरे नाही.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली झाला. आजचा सातबारा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खाली ठेवला जातो. गाव नमुना सातमध्ये भोगवटादार, क्षेत्र, आकार व इतर हक्क असतात, बारामध्ये पिके. खरेदी, वारस, वाटणी, बोजा यांपैकी काहीही झाले, की आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरली जाते. मग हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीची मुदत संपते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सातबारा बदलतो. हस्तलिखित उताऱ्यावर जुने नाव खोडत नसत, त्याला कंस करत आणि शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक लिहीत. जाणत्याला त्या एका पानावरून जमिनीचा दोन पिढ्यांचा इतिहास वाचता येई. हे पान संगणकाच्या रकान्यांत बसवायचे होते.

सुरुवात केंद्र सरकारच्या योजनेतून झाली. १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत भूमि अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग झाला, त्यात महाराष्ट्रातून वर्धा होता. पुढे इतर जिल्ह्यांतही उतारे संगणकात भरले गेले आणि तहसील कार्यालयातून छापील सातबारा मिळू लागला. मात्र तलाठ्याची हस्तलिखित वही चालूच राहिली. फेरफार आधी वहीत चढे, संगणकात सवडीने. कित्येकदा चढतच नसे. एकाच गटाचे दोन उतारे, दोन्ही सरकारी आणि दोन्ही वेगळे, अशी स्थिती झाली. शेतकऱ्याने आणि बँकेनेही विश्वास ठेवला तो वहीवर. शेजारच्या कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पात नेमकी हीच वाट बंद केली. २००० सालानंतर तेथे ज्या तालुक्यात संगणक केंद्र सुरू झाले, तेथे हस्तलिखित उतारा अवैध ठरवण्यात आला. ‘भूमी’च्या यशाचे श्रेय बहुतेक वेळा आज्ञावलीला दिले जाते, प्रस्तुत नोंदकाराच्या मते ते या एका प्रशासकीय निर्णयाला अधिक जाते.

२००८ मध्ये केंद्राने भूमि अभिलेखांच्या आधीच्या योजना एकत्र करून आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला आणि महाराष्ट्रात त्यातून ‘ई-फेरफार’ ही आज्ञावली आली. आता केवळ छपाई नव्हे, तर नोंद धरण्यापासून प्रमाणित करण्यापर्यंतची सगळी वाट संगणकावर आली. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला, की त्याची माहिती ‘आय-सरिता’ या नोंदणी आज्ञावलीतून तहसीलकडे व तेथून तलाठ्याकडे जाते. निबंधकाने हस्तांतरणाची सूचना महसूल खात्याला द्यावी हे संहितेच्या कलम १५४ मध्ये आधीपासून होतेच. कागदावर ही सूचना रेंगाळत असे.

खरी अडचण उघडी पडली ती जुनी माहिती नव्या आज्ञावलीत आणल्यावर. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राशी जुळेना, सातबारा आठ-अ च्या खातेउताऱ्याशी जुळेना, एकच माणूस तीन प्रकारे लिहिलेल्या नावांनी तीन खात्यांत सापडे. यातल्या थोड्याच चुका टंकलेखनाच्या होत्या. बऱ्याच चुका हस्तलिखिताच्या दर पुनर्लेखनात पुढे आलेल्या होत्या. वहीत त्या खपून गेल्या, संगणकाने बेरीज मागितली तेव्हा दिसल्या. आणि या चुका आज्ञा देऊन एका रात्रीत सुधारण्यासारख्या नव्हत्या. कलम १५७ नुसार हक्कनोंदीतील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. एक आकडा बदलणे म्हणजे कोणाचा तरी हक्क बदलणे. म्हणून तलाठ्यांनी हस्तलिखित आणि संगणकीय उतारे ओळीने ताडून पाहावेत, यासाठी आधी ‘एडिट’ आणि मग ‘रि-एडिट’ या सुविधा दिल्या गेल्या. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले, म्हणजे उतारे ग्रामस्थांसमोर वाचून हरकती घेण्यात आल्या. त्यानंतर उरलेल्या लेखनदोषांसाठी कलम १५५ खाली तहसीलदाराचा आदेश लागू लागला. या कलमाच्या आडून लेखनदोषापलीकडचे बदल झाल्याच्या तक्रारीही पुढे आल्या. दुरुस्तीचे दार उघडे ठेवावे तर गैरवापर, लावून घ्यावे तर खऱ्या चुका तशाच, हा पेच आज्ञावलीने सुटणारा नाही.

या सगळ्या कामाचा भार तलाठ्यावर पडला. पीकपाणी, नुकसानीचे पंचनामे, निवडणुका, वसुली सांभाळून त्याने हे करायचे होते. लॅपटॉप, सर्व्हरचा मंद वेग आणि खेड्यातील इंटरनेट यांवरून तलाठी संघटनांनी वेळोवेळी आंदोलने केली. त्यांना ‘संगणकविरोधी’ म्हणणे सोपे होते. पण ज्याच्या सहीने हक्क प्रमाण ठरतात त्याला साधने शेवटी मिळाली, ही नियोजनातील चूकच होती.

१ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा प्रारंभ झाला. ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावरचा विनाशुल्क उतारा केवळ माहितीसाठी असतो. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपये भरून घेता येतो, त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नसते आणि पडताळणी क्रमांकावरून त्याचा खरेपणा तपासता येतो. २०२० मध्ये उताऱ्याचा नमुनाही बदलून त्यावर शासनाचे बोधचिन्ह आले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’द्वारे गाव नमुना बाराची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करण्याची पद्धत राज्यभर लागू झाली. तलाठ्याचे एक काम त्यामुळे हलके झाले, आणि रेंज शोधत बांधावर फिरण्याची पाळी शेतकऱ्यावर आली.

प्रकल्पाने हक्काच्या नोंदी जुळवल्या, जमीन मोजली नाही. उताऱ्यावरील क्षेत्र आणि प्रत्यक्ष वहिवाटीतील क्षेत्र यांत फरक असल्यास डिजिटल स्वाक्षरीने तो मिटत नाही. जमीन घेणाऱ्याने उताऱ्याबरोबर जुने फेरफार आणि भूमि अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा पाहणे अजूनही आवश्यक आहे.