कॅमेरा ट्रॅप छायाचित्रण

कॅमेरा ट्रॅप छायाचित्रण : माणूस जागेवर नसताना, जनावराच्या हालचालीने आपोआप चालू होणाऱ्या कॅमेऱ्याने वन्यप्राण्यांची छायाचित्रे घेण्याची पद्धत. व्याघ्रगणना, निशाचर सस्तन प्राण्यांचा अभ्यास, वस्तीजवळच्या बिबट्यांची नोंद आणि हौशी वा व्यावसायिक छायाचित्रण यांसाठी ती वापरतात. चित्राचा दर्जा यंत्राच्या किमतीपेक्षा जागेची निवड, कॅमेऱ्याची उंची, कोन आणि पार्श्वभूमी यांवर जास्त अवलंबून असतो. प्रस्तुत नोंदीत त्याच बाजूवर भर दिला आहे.

इतिहास : अमेरिकेत जॉर्ज शायरस (तिसरे) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रात्रीच्या वन्यजीव छायाचित्रणाचे प्रयोग केले. जनावराचा धक्का लागताच फ्लॅश पेटवणारी तार हा त्यांतलाच एक. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने जुलै १९०६ च्या अंकात त्यांची चित्रे छापली.

भारतात या तंत्राचा पाया संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात घातला. शिकारीचा शौक त्यांना मान्य नव्हता. वाघ रात्री कोणत्या वाटेने जातो हे ते ठशांवरून आधी शोधत आणि त्या वाटेवर बारीक तार आडवी ताणून ठेवत. वाघाचा पाय तारेला लागला की मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडे आणि त्याच क्षणी चित्र टिपले जाई. भडका एकदाच उडणारा. साळिंदराने किंवा रानडुकराने आधी तार ओढली की ती रात्र वाया. त्यामुळे वाट ओळखण्यातच सारे कौशल्य पणाला लागे. ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ (१९२७) या त्यांच्या पुस्तकातील चित्रे पाहिली की आजही शिकण्यासारखे बरेच सापडते. पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतो हे प्रथम त्यांनीच ध्यानात आणून दिले, असे सामान्यतः मानले जाते.

पट्ट्यांच्या या वेगळेपणाला संख्याशास्त्राची जोड १९९० च्या दशकात मिळाली. के. उल्लास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळच्या जंगलात कॅमेरे लावून, तोच वाघ पुन्हा किती वेळा टिपला जातो यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधला (१९९५). त्याआधी देशात ठशांवरून गणना होत असे. राजस्थानातील सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे २००५ मध्ये उघड झाले, तेव्हा त्या पद्धतीवरचा विश्वास डळमळला आणि २००६ च्या गणनेपासून कॅमेरा ट्रॅप हा अधिकृत पद्धतीचा भाग झाला. २०१८-१९ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३,४८,५८,६२३ छायाचित्रे जमली. त्यांपैकी वाघाची ७६,६५१ आणि बिबट्याची ५१,७७७ होती. म्हणजे साधारण साडेचारशे चित्रांमागे वाघाचे एक. या गणनेची गिनीज बुकात नोंद झाली.

कार्यपद्धती : बहुतेक कॅमेऱ्यांत पीआयआर (निष्क्रिय अवरक्त) सेन्सर असतो. त्याला प्रकाश दिसत नाही. समोरच्या जागेतून येणाऱ्या उष्णतेतला अचानक झालेला बदल कळतो. सेन्सरपुढची भिंगाची पट्टी समोरच्या जागेचे उभे भाग पाडते आणि उबदार शरीर एका भागातून दुसऱ्यात सरकले की कॅमेरा चालू होतो. म्हणून कॅमेऱ्यासमोरून आडवे जाणारे जनावर चटकन टिपले जाते. सरळ कॅमेऱ्याकडे चालत येणारे पुष्कळदा फार जवळ येईपर्यंत निसटते. उन्हाने तापलेले गवत किंवा फांदी वाऱ्याने हलली तरी सेन्सर फसतो आणि कार्ड रिकाम्या चित्रांनी भरते.

विदर्भातला उन्हाळा ही या यंत्राची कठीण परीक्षा. जमीन आणि दगड जनावराच्या अंगाइतकेच तापले की फरकच उरत नाही, आणि वाघ समोरून जाऊनही चित्र निघत नाही. अशा दिवसांत सेन्सरची संवेदनशीलता वाढवावी, कॅमेरा वाटेच्या थोडा जवळ घ्यावा आणि दिवसभर सावलीत राहणारी पार्श्वभूमी निवडावी. थंडीत मात्र संवेदनशीलता कमी ठेवलेली बरी.

हालचाल कळल्यापासून चित्र निघेपर्यंतचा वेळ यंत्रागणिक सुमारे ०.२ सेकंदापासून एक सेकंदापर्यंत असतो. संथ कॅमेरा अरुंद वाटेला अगदी काटकोनात लावला तर चालत्या वाघाची नुसती शेपटी हाती येते.

जागेची निवड : जनावर वाटेने जाते आणि वाट जमिनीच्या उतार-चढावाने ठरते. दोन ओढ्यांचा संगम, खिंड, कड्याच्या पायथ्याची चिंचोळी पट्टी, जंगलातले कच्चे रस्ते, पाण्याकडे उतरणारी नाळ या जागा भरवशाच्या. ठसे, विष्ठा, जमिनीवरचे ओरखडे यांवरून वाट चालती आहे की जुनी हे कळते. बीटवरचा वनरक्षक आणि गुराखी यांची माहिती नकाशापेक्षा पुष्कळदा सरस ठरते. त्यांना विचारल्याशिवाय कॅमेऱ्याचा पट्टा झाडाला आवळू नये.

वाघ ज्या झाडावर मूत्राचा फवारा मारतो किंवा अंग घासतो ते झाड सर्वांत मोलाचे. तिथे तो थांबतो, डोके वर करतो, वळतो. एकाच भेटीत चार-पाच स्वच्छ चित्रे मिळतात. पाणवठ्यावर जनावर बराच वेळ असते खरे, पण पिताना त्याची मान खाली असते. म्हणून कॅमेरा पाण्यावर न रोखता पाण्याकडे येणाऱ्या वाटेच्या शेवटच्या काही मीटरवर रोखावा.

मांडणी : वाघ-बिबट्यासाठी कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण ४० ते ५० सेंमी.वर आणि वाटेपासून तीन-चार मीटर अंतरावर ठेवतात. नवखे लोक सोयीसाठी तो छातीच्या उंचीला बांधून खाली झुकवतात. मग जनावराची पाठ तेवढी दिसते. पट्टे दबतात आणि चित्रातला जिवंतपणाही जातो. डोळ्याच्या पातळीवरून घेतलेले चित्र ओळख पटवायलाही चांगले आणि पाहायलाही. लहान मांजरे, मुंगूस, खवले मांजर यांच्यासाठी आणखी खाली यावे लागते.

वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. त्यामुळे गणनेत वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतात. हे दोन कॅमेरे अगदी समोरासमोर नसावेत. एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात शिरून चित्र पांढरे पडते. थोडे पुढेमागे ठेवले की अडचण दूर होते.

कोनाबाबत जाणकारांत एकमत नाही. ओळख पटवायची तर काटकोन उत्तम. चित्र म्हणून पाहायचे तर कॅमेरा वाटेच्या दिशेने थोडा तिरका ठेवावा. जनावर चौकटीत जास्त वेळ राहते, चेहरा येतो आणि संथ यंत्रही वेळेवर चालते. भारतात तोंड उत्तरेकडे असेल तर सूर्य थेट भिंगात येत नाही. पूर्व-पश्चिम रोखलेले कॅमेरे पहाटेची आणि मावळतीची, म्हणजे सर्वांत चलतीच्या वेळेची, चित्रे बिघडवतात.

बांधून झाल्यावर समोरचे गवत आणि फांद्यांची टोके आडवी येतील तेवढीच दूर करावीत. मग एकाने हातापायांवर रांगत, वाघाच्या चालीने, वाटेच्या एका टोकाकडून दुसरीकडे जावे. दुसऱ्याने तीच चित्रे कार्डावर लगेच पाहावीत : डोके कुठे येते, मागचे पाय कापले जातात का, गवताचे एखादे पाते भिंगासमोर डोलते का. जवळचे असे एक पाते रात्री फ्लॅशमध्ये पांढरेफटक उजळते आणि मागचा वाघ काळोखात बुडतो. शेवटी ठिकाणाचा क्रमांक लिहिलेली पाटी भिंगासमोर धरून पहिले चित्र घ्यावे आणि तारीख-वेळ तपासावी. चुकीच्या तारखेचे चित्र अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी असते.

प्रकाश : रात्रीसाठी दोन पर्याय आहेत. अवरक्त दिव्यांचे कॅमेरे काळीपांढरी चित्रे देतात. त्यांतील ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांची अंधुक लाल चमक दिसते; ९४० नॅनोमीटरची माणसाला जवळजवळ दिसत नाही, पण तिचा पल्ला कमी. अवरक्तात चालते जनावर पुसट येते, म्हणून पट्टे वाचण्यासाठी झेनॉनच्या पांढऱ्या फ्लॅशचे कॅमेरे पसंत करतात. कॅमेरे प्राण्यांना ऐकू येतात आणि दिसतातही, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले; पांढऱ्या फ्लॅशने वाघ वाट बदलतात का, याविषयी मतभेद आहेत.

व्यावसायिक छायाचित्रकार डीएसएलआर कॅमेरा पेटीत बसवून त्याला वेगळा सेन्सर आणि दोन-तीन सुटे फ्लॅश जोडतात. फोकस आधीच ठरलेल्या बिंदूवर कायम करतात, छिद्र एफ/८ ते एफ/११ ठेवतात आणि रुंद भिंग वापरतात, म्हणजे परिसरही चित्रात येतो. फ्लॅश कॅमेऱ्यालगत असला तर चित्र सपाट येते आणि डोळे चमकतात. तो बाजूला, उंचावर आणि कमी ताकदीवर ठेवावा.

या पद्धतीचे महाराष्ट्रातील उत्कृष्ट उदाहरण म्हणजे नयन खानोलकर यांचे मुंबईच्या आरे वसाहतीतील बिबट्याचे चित्र. २०१६ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत त्याला शहरी विभागाचे पारितोषिक मिळाले. वारली वस्तीतील घरांच्या भिंतींमधल्या बोळात फ्लॅश अशा रीतीने लावले होते की उजेड बोळातल्या नेहमीच्या दिव्यांचाच वाटावा. बिबट्याने चौकट व्यापू नये याचीही काळजी घेतली होती. घरे आणि बिबट्या दोन्ही चित्रात सारख्याच हक्काने आहेत. वस्तीतील लोकांनी बिबट्याच्या येण्याजाण्याची माहिती दिली, यंत्रांवर लक्ष ठेवले. मनासारखे चित्र मिळायला चार महिने लागले. जवळून घेतलेल्या बिबट्यांच्या शेकडो चित्रांपेक्षा हे एक चित्र अधिक सांगते.

अकोले परिसरातील अभ्यास : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी शेतरस्ते आणि उसाच्या बांधांवर कॅमेरे लावले. राखीव जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या या भागात दर १०० चौ. किमी.मागे सुमारे ४.८ बिबटे आणि ५ तरस असल्याचे त्यांनी दाखवले (२०१३). तेथे वाहने, गुरे, माणसे यांचीच चित्रे जास्त येतात. कॅमेरा लावण्याआधी शेतकऱ्याशी बोलणे हा तिथल्या कामाचाच भाग असतो.

गोवा : म्हादई अभयारण्यात २०१३ मध्ये कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ टिपला गेला.

देखभाल : सह्याद्रीच्या पावसाळ्यात भिंगावर बाष्प धरते, पेटीत मुंग्या घरटे करतात. पेटीच्या कडेचे रबर स्वच्छ ठेवावे आणि आत सिलिका जेलची पुडी टाकावी. लिथियमचे सेल महाग असले तरी शेवटपर्यंत जोर धरतात. अल्कलाइन सेल उतरू लागले की फ्लॅश आधी मंदावतो. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे.

चित्रफीत : बहुतेक कॅमेऱ्यांत चित्रफितीची सोय असते, पण तिने सेल लवकर संपतात.

नियम व वाद : अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानात छायाचित्रणासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार परवाना लागतो. आमिष किंवा वास वापरावा की नाही, याबद्दल अभ्यासकांत एकवाक्यता नाही. ज्याने जनावराची नेहमीची चाल बदलते ते चित्र त्याच्या जगण्याची नोंद म्हणून कमअस्सल धरावे. सरपणाला जाणाऱ्या स्त्रियांची चित्रे कॅमेऱ्यांत येतात, त्यामुळे त्यांच्या खासगीपणाचा प्रश्न उत्तराखंडातील एका अभ्यासाने अलीकडे पुढे आणला आहे. अशी चित्रे पाहताक्षणी पुसावीत आणि कॅमेरा कुठे आहे हे गावाला आधी सांगावे. चित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यातील अक्षांश-रेखांश काढून टाकणे आवश्यक आहे, कारण वाघ आणि खवले मांजर यांच्या शिकाऱ्यांना नेमकी हीच माहिती हवी असते.