धावफलक आणि सातबारा



"खेळात राजकारण आणू नका" हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की ते म्हणणाऱ्याकडे आपण नीट पाहतही नाही. माझे निरीक्षण असे आहे की हे वाक्य बहुधा ज्याच्या ताब्यात मैदान असते त्याच्याच तोंडी असते. ज्याला मैदान मिळालेले नाही तो असे म्हणत नाही. तो अर्ज लिहीत बसलेला असतो. पैशाचेही तसेच. "पूर्वी खेळ खेळासाठी होता, आता पैशाने सारे नासले," अशी हळहळ पुष्कळ ऐकू येते. पण पूर्वी म्हणजे नेमके केव्हा, असे विचारले की उत्तर मिळत नाही.

आज त्या 'पूर्वी'चाच शोध आपण घेऊ, आणि तो मुंबईच्या क्रिकेटच्या निमित्ताने. कामगार संघटनेत काम करणाऱ्या माणसाला एक सवय जडते. कंपनीच्या अहवालातली गुळगुळीत चित्रे सोडून तो आधी ताळेबंदाची पाने उघडतो. धावफलक सगळेच वाचतात. आपण थोडा सातबारा वाचू.

मुंबईच्या क्रिकेटमधला पहिला मोठा तंटा जमिनीचाच आहे. १८४८ साली पारशी मंडळींनी आपला पहिला क्रिकेट क्लब काढला. किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेडच्या मोकळ्या पटांगणावर पारशी आणि हिंदू पोरे खेळत. त्याच पटांगणावर बॉम्बे जिमखान्याचे गोरे सभासद घोड्यांवरून पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी हिरवळ उखडे आणि त्या उखडलेल्या जमिनीवर चेंडू कसाही उसळे. १८८१ साली देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केला. पोलो खेळणारे मूठभर, क्रिकेट खेळणारे शेकड्यांनी, आणि तरी जमीन मूठभरांच्या सोयीने वापरली जाते, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. हा झगडा काही वर्षे चालला. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी १८९७ साली पुस्तकरूपाने त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. तेव्हा "खेळात राजकारण" कोणी आणले? अर्ज करणाऱ्यांनी, की घोडे आणणाऱ्यांनी?

पुढे सरकारने समुद्राकाठी जिमखान्यांसाठी जागा दिल्या. पारशी जिमखाना, हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना ही नावेच सांगतात की वाटणी कोणत्या हिशेबाने झाली. संघही त्याच वाटणीने उभे राहिले. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांचे सामने नियमाने होऊ लागले. १९०७ साली हिंदू आले, १९१२ साली मुसलमान आले, १९३७ साली 'इतर' या नावाचा पाचवा संघ आला. ही पंचरंगी सामन्यांची कुळकथा आहे. आपल्या आजोबांनी या सामन्यांच्या गोष्टी मोठ्या प्रेमाने सांगितल्या, आणि त्यांच्या प्रेमाला मी नावे ठेवणार नाही. पण खेळाडू कोणत्या दरवाज्याने मैदानात शिरणार, हे त्याच्या गोलंदाजीआधी त्याच्या धर्मावरून ठरत होते.

आणि जातीवरूनही. पळवणकर बाळू हे नाव आज पुन्हा घेतले जाते, ही समाधानाची गोष्ट आहे. चांभार समाजातला हा माणूस पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची निगा राखायला होता. गोऱ्या साहेबांना सराव म्हणून तो चेंडू टाकी. पुढे हिंदूंच्या संघाने त्याला घेतले ते त्याच्या डावखुऱ्या फिरकीसाठी. पण चहाच्या वेळी त्याला बाहेर बसवून मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. मुंबईत आल्यावर तो बी. बी. सी. आय. रेल्वेकडून खेळला. वसई-विरारवरून धावणारी ती आपलीच रेल्वे. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो हिंदी संघ विलायतेला गेला, त्यात बाळूने शंभरावर बळी घेतले. कप्तान मात्र महाराज! बाळू हिंदूंच्या संघाचा कप्तान कधीच झाला नाही. १९२३ साली तो मान त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळाला, आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली.

विठ्ठल कप्तान कसा झाला? केवळ त्याच्या फलंदाजीने नव्हे. फलंदाजी तर आधीही होती. भावांनी जाहीर निषेध केला, वर्तमानपत्रांनी बाजू घेतली, आणि अस्पृश्यता निवारणाची चळवळ देशात उभी राहत होती. म्हणजे राजकारणाने कप्तानपद अडवले होते आणि राजकारणानेच ते मिळवून दिले. सत्याग्रहाच्या काळात, १९३० ते १९३३, ही स्पर्धा झालीच नाही. १९३७ साली ब्रेबोर्न स्टेडियमवरच्या आसनांच्या वाटपावरून हिंदूंनी बहिष्कार घातला. १९४० च्या डिसेंबरात गांधीजींनी धर्मावर आधारलेल्या या सामन्यांविरुद्ध मत दिले, आणि १९४६ साली स्पर्धा कायमची मिटली. राजकारणाला सरसकट शिव्या देणाऱ्यांनी एवढी जमेची बाजूही खात्यावर मांडावी.

आता पैशाकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर संस्थानिक गेले आणि त्यांच्या जागी गिरण्या, बँका, कारखाने आले. टाइम्स शील्डसारख्या कार्यालयीन स्पर्धांत मफतलाल, टाटा, स्टेट बँक यांचे संघ उतरत. अजित वाडेकर स्टेट बँकेत नोकरीला होते. एकनाथ सोलकर हा हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. त्याने २७ कसोटींत ५३ झेल घेतले, तेही फलंदाजाच्या पुढ्यात, शिरस्त्राणावाचून उभे राहून. गिरणगावात कबड्डीपटूंना आणि पहिलवानांनाही याच रीतीने गिरणीत काम मिळे. मालकाला यात धर्म करायचा नव्हता. त्याला नाव हवे होते, आणि संपाच्या दिवसांत संघटनेपेक्षा गिरणीच्या संघावर जीव असलेले चार कामगारही हवे होते. हे सगळे खरे धरूनही एक गोष्ट उरते. खेळाडूला महिन्याचा पगार होता, भविष्यनिर्वाह निधी होता, आणि गुडघा दुखावला तरी नोकरी टिकत होती. पैसा थोडा होता, पण तो हजेरीपटावर होता.

राजकारणी माणसे आली ती कशी, याचीही कथा जमिनीचीच. ब्रेबोर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. कसोटी तेथे होई, पण तिकिटे आणि आसने किती द्यायची हे क्लब ठरवी. यावरून मुंबई क्रिकेट असोसिएशनशी त्याचे वर्षानुवर्षे खटके उडत. असोसिएशनच्या बाजूला शेषराव वानखेडे होते, राज्याच्या राजकारणातले वजनदार गृहस्थ आणि १९७२ पासून विधानसभेचे अध्यक्ष. क्लबच्या बाजूला विजय मर्चंट, थोर फलंदाज आणि गिरणीमालक घराण्यातले. बोलणे फिसकटले आणि वानखेड्यांनी ब्रेबोर्नपासून एका किलोमीटरच्या आत दुसरे स्टेडियम बांधून काढले, तेही साधारण वर्षभरात. १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्ध तेथे पहिली कसोटी झाली. शहरात सामान्य माणसाला घर मिळत नव्हते, पाणी दोन तास येत होते, पण हाकेच्या अंतरावर दोन क्रीडागारे उभी राहिली. सत्तेने मनात आणले तर वर्षात काय होऊ शकते, हे त्या सिमेंटने सर्वांना दाखवून दिले. मैदानी क्लबांनी तो धडा नीट लक्षात ठेवला.

म्हणून पुढच्या तीन निवडणुका मला आश्चर्याच्या वाटत नाहीत. २००१ साली मुंबई असोसिएशनच्या अध्यक्षपदासाठी शरद पवार आणि अजित वाडेकर समोरासमोर उभे राहिले, वाडेकर पडले. २०११ साली विलासराव देशमुख आणि दिलीप वेंगसरकर, वेंगसरकर पडले. २०२२ साली संदीप पाटील यांच्याविरुद्ध अमोल काळे उभे राहिले. त्यांच्यामागे पवार आणि भाजपचे आशिष शेलार यांचे एकत्र गट होते, पाटील पडले. विधानसभेत एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष क्रिकेटच्या मतपेटीपाशी एका पंगतीला बसतात, हे ध्यानात घ्या.

मतदारांना मूर्ख म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मत देणारे कोण? मैदानांवरचे क्लब, जिमखाने, कार्यालयांचे संघ. त्यांना तंबूचा परवाना हवा, भाडेपट्ट्याचे नूतनीकरण हवे, खेळपट्टीला पाणी हवे. शतके काढणाऱ्या माणसाकडून यातले काहीच मिळत नाही. मंत्रालयात ओळख असलेल्याकडून मिळते. मतदार आपल्या गरजेप्रमाणे शहाणपणाने मत देतो. दोष त्या व्यवस्थेचा आहे, जीत हक्काची गोष्ट ओळखीने मिळवावी लागते.

मग आला दूरचित्रवाणीचा पैसा. १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत सामना दाखवावा म्हणून क्रिकेट मंडळालाच दूरदर्शनला पैसे मोजावे लागत. वाद न्यायालयात गेला. १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. पण सरकारची मक्तेदारी गेली म्हणून मालमत्ता जनतेच्या हाती आली, असे झाले नाही. २००८ साली आयपीएल निघाली आणि खेळाडूंचा जाहीर लिलाव सुरू झाला. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क २०२२ साली ४८,३९० कोटी रुपयांना गेले. एका सामन्यामागे ही रक्कम शंभर कोटींच्या वर जाते.

एवढ्या पैशावर देखरेख कोणाची? २०१३ साली स्पॉट फिक्सिंगच्या प्रकरणात खेळाडूंना अटक झाली, तेव्हा कोठे हा प्रश्न ऐरणीवर आला. न्यायमूर्ती लोढा यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१६ रोजी बहुतांशी मान्य केल्या. मंत्री आणि सरकारी नोकर यांना पद नाही, सत्तरीनंतर पद नाही, सलग पदांच्या मध्ये विश्रांती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग २०१८ साली काही नियम सैल झाले, २०२२ साली विश्रांतीची अट आणखी सैल झाली. कायद्याने दार लावले, तर खिडकीतून भाऊबंद आले.

एक गोष्ट मात्र कोणी फारशी बोलत नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळासाठी खेळणाऱ्या चालू खेळाडूंची संघटना नाही. २०१९ साली जी संघटना झाली ती निवृत्तांची. १९८९ साली कपिल देव, वेंगसरकर यांच्यासह सहा जणांवर अमेरिकेत प्रदर्शनी सामने खेळल्याबद्दल मंडळाने वर्षाची बंदी घातली, तेव्हा त्यांना सर्वोच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. लिलावात कोट्यवधी मिळवणाऱ्याची कीव करा असे मी म्हणत नाही. पण त्या एकामागे शंभर मुले असतात, ज्यांच्यावर बोली लागत नाही. पूर्वी त्यांना गिरणी होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे चढले. हजेरीपटाबरोबर गिरणीचा संघही गेला. २०१४ साली कबड्डीची लीग निघाली, तेव्हा गिरणगावचा हा खेळ दूरचित्रवाणीवर झळकला. पण ज्या गल्ल्यांत तो वाढला त्या तोवर वाहनतळ झाल्या होत्या.

त्या गल्ल्यांतली पुष्कळ कुटुंबे कोठे आली, हे या सभागृहात सांगायला नको. नालासोपारा आणि विरार त्यांच्यामुळे भरले. २०११ च्या जनगणनेत आपल्या महापालिका क्षेत्राची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. विरारच्या पृथ्वी शॉने २०१३ च्या नोव्हेंबरात हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा केल्या, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने छाती फुगवली. त्या धावा त्याने मुंबईच्या शाळेकडून केल्या. धावफलकावर विरारचे नाव लागले, आणि सातबारा मुंबईचा राहिला.

आपल्याकडे हिवाळ्यात टेनिस चेंडूच्या स्पर्धांना तोटा नसतो. रात्री दिवे लागतात, अमक्या साहेबांचा चषक, तमक्या दादांचा चषक, फलकावर चेंडूपेक्षा चेहरे मोठे. पोरांनी जरूर खेळावे, बक्षीसही घ्यावे. फक्त तीन प्रश्न विचारावेत. हे मैदान विकास आराखड्यात क्रीडांगण म्हणून आहे का, आणि पाच वर्षांनी ते राहील का? या स्पर्धेचा जमाखर्च कोण दाखवील? आणि ज्याला बक्षीस मिळाले नाही, ज्याचा हात मोडला, त्याची जबाबदारी कोणाची?

यालाच मी संशय म्हणतो. तो निराशेहून वेगळा आहे. निराश माणूस घरी बसतो. संशयी माणूस हिशेब मागायला जातो.

१६ मे २०२५ रोजी वानखेडे स्टेडियमवर एकाच समारंभात शरद पवार आणि अजित वाडेकर या दोघांची नावे प्रेक्षागृहांना दिली गेली. २००१ ची निवडणूक जिंकणारा आणि हरणारा आता एकाच छपराखाली आहेत, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही. नावे सर्वांची लागावीत. पण १८८१ साली ज्या पोरांनी घोड्यांविरुद्ध अर्ज केला, त्यांचे नाव कोठल्याही कठड्यावर नाही. आणि आपण ज्या मोकळ्या जागेवर खेळतो ती त्यांच्यासारख्यांनी अर्ज केले म्हणून उरली आहे. विकास आराखड्याचा नकाशा पाहण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. तो पाहून या.