यजमान की चाकर? मालवणच्या किनाऱ्यावरच्या मुक्कामाचा इतिहास

कॅरिबियन बेटांवरच्या कुठल्याही रिसॉर्टची जाहिरात पाहा. पांढरी वाळू, निळं पाणी आणि समुद्राकडे झुकलेला एक माड, एवढं तिच्यात असतंच. गंमत म्हणजे तो माड मूळचा तिथला नाही. १४९२ मध्ये कोलंबस त्या बेटांवर उतरला तेव्हा तिथे नारळ नव्हता. हिंदी महासागराच्या काठचा नारळ पोर्तुगीजांनी पश्चिम आफ्रिकेला नेला आणि तिथून तो अटलांटिक ओलांडून कॅरिबियनमध्ये रुजला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासातही अटलांटिककडचे माड आपल्या बाजूच्या माडांचे वंशज असल्याचं दिसून आलं.

माड इकडून तिकडे गेला. आता तिकडचं रिसॉर्ट इकडे येऊ पाहत आहे. सिंधुदुर्गाचा किनारा विकताना सरकार आणि व्यावसायिक दोघांनाही तेच चित्र हवं असतं. पण त्या चित्रामागे एक इतिहास आहे, जो जाहिरातीत येत नाही. तो समजून घेतला, तर मालवणच्या किनाऱ्यावर आज काय पणाला लागलं आहे ते स्पष्ट होतं.

बंदरावरचा मुसाफिर

परक्या माणसाला मुक्कामाला ठेवणं या किनाऱ्याला नवीन नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता खंबायतहून दक्षिणेकडे निघाला तो याच समुद्रातून. पुढे मलबारच्या वाटेवर दर अर्ध्या मैलाला लाकडी निवारा, बसायला बाक आणि पाण्याची विहीर असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. पाणी देणारा माणूस मुसलमान नसे. तो परधर्मीयांना भांड्यातून नव्हे तर ओंजळीत पाणी घाली, हेही त्याने नोंदवलं आहे. म्हणजे सोवळं-ओवळं होतं, पण वाटसरू तहानेला राहत नव्हता.

सतराव्या शतकात वेंगुर्ले विजापूरच्या आदिलशाहीत होतं. डच कंपनीने तिथे वखार थाटली होती. तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये तिथे येऊन गेला. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणारी डच जहाजं गोडं पाणी आणि तांदूळ भरून घ्यायला वेंगुर्ल्याला येत, असं त्याने लिहिलं आहे. गावाचं महत्त्व त्याच्या पाण्यामुळे आणि भातामुळे होतं, आणि ते देणारे गावकरी होते.

१६६४ मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. त्यांच्या आरमारात मायनाक भंडारी होते, तसेच दौलतखान आणि दर्यासारंगही होते. 'सारंग' हा मूळ फारसी शब्द. तोच पुढे इंग्रजांच्या जहाजांवर गेला. पी अँड ओ कंपनीच्या प्रवासी बोटींवर डेकवर काम करणाऱ्या खलाशांमध्ये आणि सारंगांमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने असत. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. १ मे १९८१ ला तो वेगळा झाला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आधुनिक पर्यटनाशी कोकणी माणसाची पहिली गाठ पडली ती यजमान म्हणून नव्हे, चाकर म्हणून. साहेबाच्या बोटीचा डेक धुणारे हात आपले होते. आजही कॅरिबियन समुद्रात फिरणाऱ्या क्रूझ जहाजांवर गोव्याची आणि कोकणातली मुलं केबिन आवरताना आणि जेवण वाढताना भेटतात. ती मेहनत कमी दर्जाची नाही. तिने कित्येक घरं उभी केली. पण दुसऱ्याच्या जहाजावर चाकरी करणं वेगळं आणि आपल्याच गावच्या वाळूत चाकर होणं वेगळं.

आधी उसाचे मळे, मग हॉटेलं

कॅरिबियनमध्ये नेमकं हेच घडलं. तिथली जमीन आधी उसाच्या मळेवाल्यांची होती आणि त्यावर आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत. ब्रिटिश वसाहतींत १८३०च्या दशकात गुलामगिरी संपली, तेव्हा मळेवाल्यांना नवे मजूर हवे होते. ते हिंदुस्थानातून गेले. ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला पोचलेल्या पहिल्या जहाजाचं नाव होतं 'फतेह अल-रझाक'. कलकत्त्याहून निघालेल्या त्या जहाजावर हिंदू होते आणि मुसलमानही. करारावर मजूर नेण्याची ही पद्धत १९१७ पर्यंत चालली.

पर्यटक आले ते केळ्यांच्या पाठोपाठ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जमैकाहून अमेरिकेला केळी नेणारी जहाजं परतीच्या फेरीत प्रवासी आणू लागली. केळ्यांच्याच व्यापाऱ्याने पोर्ट अँटोनियोला त्यांच्यासाठी हॉटेल चालवलं. पुढे विमानं आली आणि जुन्या मळ्यांवर रिसॉर्ट उभी राहिली. सेंट जॉन बेटावरचं केनील बे हे नावाजलेलं रिसॉर्ट लॉरन्स रॉकफेलर यांनी १९५६ मध्ये जुन्या उसाच्या मळ्याच्या जागेवर सुरू केलं. जमैकातला रोझ हॉल हाही असाच मळा. आज त्याच्या जमिनीवर हॉटेलं आहेत.

त्याच १९५६ साली जमैकात किनारा नियंत्रण कायदा झाला. भरती-ओहोटीच्या पट्ट्यावर सरकारची मालकी ठरली, वापरासाठी परवाने आले, आणि किनाऱ्यावर जाण्याचा सर्वसाधारण हक्क लोकांना त्यात मिळाला नाही. आपल्याच बेटावर समुद्रात उतरायला वाट मिळावी म्हणून तिथले लोक आजही झगडत आहेत. बार्बाडोसमध्ये मात्र सगळे किनारे सार्वजनिक मानले जातात. म्हणजे बेटं शेजारची, गुलामगिरीचा इतिहास सारखा, पण कायदा वेगळा आणि म्हणून लोकांचं समुद्राशी नातंही वेगळं. समुद्रकाठी हॉटेल असणं हा प्रश्न नाही. हॉटेलच्या फाटकाबाहेर कोण उरतं, हा प्रश्न आहे.

घराचं दार

मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटन उशिरा आलं. एके काळी मुंबईहून येणारी बोट मालवणला खोल पाण्यातच उभी राही आणि चाकरमानी पडावातून किनाऱ्याला लागत. मनिऑर्डरवर जगणारा हा मुलूख. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान झालं, कर्लीच्या पात्रात हाऊसबोटी आल्या. पण खरा बदल झाला तो घरांमध्ये. गाबीत, भंडारी कुटुंबांनी माडांच्या बागेत दोन-चार खोल्या बांधल्या आणि 'न्याहारी व निवास' अशी पाटी लावली. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला तोवर तारकर्ली आणि देवबागला अशी घरं ओळीने उभी होती.

अशाच एका घरात मी कुटुंबासह तीन रात्री राहिलो. नाव लिहून घेतल्यावर घरच्या काकींनी एकच प्रश्न विचारला, "मासे खातास मां?" हा प्रश्न आमच्यासाठी फार सोयीचा आहे. बाहेरगावी गेलेल्या मुसलमान कुटुंबाला जेवणाआधी जबिह्याची चौकशी करावी लागते, समोरच्याला अवघडल्यासारखं होतं, आपल्यालाही. समुद्राच्या शिकारीला जबिहा लागत नाही. शिवाय आम्ही कोकणी शाफई, त्यामुळे तिसऱ्या आणि कालवंही चालतात. हा मसलक आपल्या किनाऱ्यावर अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर आला. केरळ, येमेन आणि इंडोनेशियापर्यंत तोच आहे. तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण आणि भात, त्यावर सोलकढी. काकींच्या ताटात आणि आमच्या ताटात तेच होतं.

सकाळी समोरच रापण ओढली जात होती. दोन्ही दोरांना माणसं लागली होती, त्यात घरचे काकाही होते. माझी मुलंही दोराला लागली. जाळं वाळूवर आलं तेव्हा होडी आणि जाळं ज्यांचं त्यांचा वाटा निघाला, ओढणाऱ्यांचा निघाला, आणि हात लावणाऱ्या पोरांच्या हातातही चार तारल्या पडल्या. वाळू कोणाची, हे मला तिथे कळलं. ती सातबाऱ्यावर कोणाच्याच नावाने नाही, पण रापण ओढायला सगळ्यांना लागते. मासेमारांना तिची गरज आहे, म्हणून ती मोकळी राहिली. ती मोकळी राहिली, म्हणून पर्यटक येऊ शकला.

सातबारा

या किनाऱ्यावर दुसरं चित्रही आहे. शिरोड्याजवळ वेळागर इथे ताज समूहाच्या पंचतारांकित हॉटेलसाठी १९९०च्या दशकात जमीन संपादित झाली. स्थानिकांचा विरोध झाला आणि प्रकल्प तीन दशकं रखडला. २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे ५४ हेक्टर जमीन ९० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याला मंजुरी दिली. रोजगार येईल, रस्ते सुधारतील, आजूबाजूच्या गावांचं नाव होईल, हा युक्तिवाद खोटा नाही. मुंबई-आखातात भटकणाऱ्या तरुणाला घराजवळ पगार मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. पण ९० वर्षं म्हणजे तीन पिढ्या. जमीन दिलेल्या घराची नातवंडं तिथे पाहुण्यांना या म्हणतील की पाहुण्यांच्या बॅगा उचलतील, हे आजच ठरतं.

घरगुती निवासाचंही सगळं छान आहे असं नाही. देवबाग ही समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे समुद्र जमीन खातो आहे, आणि उपसा वाढला की विहिरींना खारं पाणी लागण्याची भीती असते. कचरा वाढला आहे. ज्याची बाग वाळूला लागून आहे त्याला गिऱ्हाईक मिळतं, आतल्या वाडीतला बघत बसतो. कायद्याचं ओझंही लहान माणसावर अधिक पडतं. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम रोखलं. कंपनी वकील नेमते, मासेमार कुटुंब नोटीस हातात घेऊन तालुक्याला खेटे घालतं. २०१९ च्या अधिसूचनेने किनाऱ्यावरच्या स्थानिकांना राहत्या घराचं मूळ रूप न बदलता पाहुणे ठेवण्याची वाट मोकळी केली. ही महत्त्वाची गोष्ट अजून पुष्कळांना माहीत नाही.

आता आपल्या लोकांबद्दल. कोकणातल्या मुसलमान वस्त्यांमधून फिरलं की मोठी, देखणी आणि कुलूपबंद घरं दिसतात. आखाताच्या, आफ्रिकेच्या, इंग्लंडच्या कमाईवर बांधलेली. मे महिन्यात किंवा एखाद्या निकाहाला उघडतात, पुन्हा बंद. जमिनीचे दलाल अशाच घरांच्या मालकांना फोन करतात, कारण दूर राहणाऱ्याला विकणं सोपं वाटतं. भावकीत वाटण्या झालेल्या नसतात, भाव बरा मिळतो, सही होते.

मला वाटतं, सही करण्याआधी जमैकाचा नकाशा एकदा पाहावा. तिथल्या किनाऱ्यावरची बरीचशी जमीन लोकांच्या हातात आलीच नाही. मळेवाल्याकडून ती हॉटेलवाल्याकडे गेली. आपल्याकडे ती अजून आपल्या नावावर आहे. एवढा एकच फरक आपल्या बाजूने आहे आणि तो पैशाने परत विकत घेता येत नाही. बंद घराच्या दोन खोल्या उघडून गावातल्या एखाद्या कुटुंबाला चालवायला दिल्या, तर घरही जगेल आणि त्या कुटुंबाला महिन्याचे चार पैसेही मिळतील. हदीसमध्ये पाहुण्याचा हक्क तीन दिवसांचा सांगितला आहे. तो हक्क द्यायला आधी स्वतःचा उंबरठा लागतो.

वेंगुर्ल्याच्या वखारीत डच होते तेव्हाही पाणी आणि भात गावाचा होता. पी अँड ओच्या बोटीवर आपण चाकर होतो, कारण बोट आपली नव्हती. तारकर्लीचं घर आणि समोरची वाळू अजून आपली आहे. पुढच्या पिढीला ती कोणाच्या परवान्याने पाहावी लागेल, याचा निकाल मुंबईच्या मंत्रालयात जेवढा लागेल तेवढाच तुमच्या-माझ्या घरातल्या कपाटात ठेवलेल्या सातबाऱ्यावरही लागेल.