घाटातली चाकं : पुढची दोन की चारही?

आमच्या जासईत रस्ते सरळ आणि गाड्या मोठ्या. एका बाजूला बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरची रांग, दुसऱ्या बाजूला चिर्ल्याला उतरणारा अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं. जवळजवळ बावीस किलोमीटरचा हा पूल, वळण शोधावं लागेल इतका सरळ. १९८४ च्या जानेवारीत याच भागात जमिनीसाठी आंदोलन झालं, गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. भूखंड आले, पैसा आला आणि ज्या अंगणात बैलगाडी सोडलेली असायची तिथे मोटारी उभ्या राहिल्या. त्याबद्दल तक्रार नाही. पण पावसाळा लागला की तरुण मंडळी लोणावळ्याकडे निघतात, आणि "जपून जा रे" म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "काळजी करू नका, ऑल व्हील ड्राइव्ह आहे, घाटात चिकटून चालते."

हे 'चिकटून चालणं' नेमकं काय असतं? पुढची दोन चाकं ओढणारी वेगवान गाडी आणि चारही चाकं ओढणारी वेगवान गाडी, यांच्यात वळणावळणाच्या रस्त्यावर फरक काय पडतो? या प्रश्नाला चांगला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचे धागे आपल्या बोरघाटापर्यंत येतात. म्हणून हा लेख.

बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या काळात खुला झाला. १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली. धनगर शिंग्रोबाने साहेबाला वाट दाखवली अशी कथा सांगतात, त्याचं देऊळ जुन्या रस्त्यावर आजही आहे. रेल्वेचा चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. पुढच्या इंजिनाला हे एकट्याने झेपत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. आपण वडा खात असतो तेव्हा मागे हेच काम चाललेलं असतं. पुढून ओढायचं आणि मागून ढकलायचं. ऑल व्हील ड्राइव्हची मूळ कल्पना समजायला याहून सोपा दाखला नाही.

मोटारींचा प्रवास मात्र उलटा झाला. आपल्या लहानपणच्या फियाट आणि अँबॅसेडर या दोन्ही गाड्यांचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. पुढची चाकं फक्त वळायची, मागची फक्त ढकलायची. कामाची वाटणी स्वच्छ होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गीय घरात पहिल्यांदा पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी शिरली. इंजिन आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स त्याला लागूनच, मागे जाणारा लांब शाफ्ट नाही. त्यामुळे गाडी हलकी, आत जागा जास्त आणि किंमत कमी.

ही युक्ती जुनी. फ्रान्समध्ये सिट्रोएनने १९३४ साली पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी मोठ्या प्रमाणावर बनवली. १९५९ मध्ये इंग्लंडात अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी मिनी बनवली, तिच्यातही इंजिन आडवंच. या चिमुकल्या गाडीने १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीनदा मॉन्टे कार्लोची रॅली जिंकली. बर्फाळ डोंगरी रस्ते, आखूड वळणं आणि पुढे मोठमोठ्या इंजिनांच्या गाड्या. मिनी जिंकली कारण ती हलकी होती आणि इंजिनाचं वजन नेमकं ओढणाऱ्या चाकांवर होतं.

मग फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये अडचण कुठे येते? शाळेत सांगायचो तसं सांगतो. टायरची रस्त्यावरची पकड म्हणजे महिन्याचा पगार. तो ठरलेला. त्यातूनच ओढण्याचा खर्च, त्यातूनच वळण्याचा खर्च आणि ब्रेकचाही त्यातूनच. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये ओढणं आणि वळणं ही दोन्ही कामं त्याच दोन टायरांच्या पगारातून चालतात. शक्ती कमी असेल तोवर घर नीट चालतं. दोनशे-अडीचशे अश्वशक्तीचं इंजिन बसवलं आणि वळणातच अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की सगळा पगार ओढण्यात जातो आणि वळायला काही उरत नाही. स्टेअरिंग फिरवलेलं असतं, तरी गाडीचं नाक वळणाच्या बाहेर सरकत जातं. घाट चढताना तर वजन मागे कलतं, पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर जागीच फिरू लागतात.

आता चार चाकांकडे येऊ. ती आपल्याकडे जीपमुळे ओळखीची. चाळीसच्या दशकाअखेर महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली, तेव्हापासून 'फोर व्हील' म्हणजे चिखल आणि जंगल हे समीकरण बसलं. पण ती जुनी फोर व्हील वळणाच्या डांबरी रस्त्यासाठी नव्हतीच. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात आणि मागची लहान. जीपमध्ये फोर व्हील टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक मिटवतं. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नाही, मग गाडी वळायला कुरकुरते आणि गिअरबॉक्सवर ताण येतो.

ही गाठ सोडवण्याचं मोठं श्रेय जर्मनीतल्या ऑडीला जातं. १९७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये गाड्यांच्या चाचण्या चालू होत्या. सोबत इल्टिस नावाची लष्करी गाडी होती, ७५ अश्वशक्तीची, दिसायला ओबडधोबड. बर्फावर ती आपल्या कितीतरी ताकदवान फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांना मागे टाकते, हे यॉर्ग बेन्सिंगर या अभियंत्याच्या लक्षात आलं. फर्डिनांड पीएच यांनी कल्पना उचलून धरली. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये आणखी एक डिफरन्शियल बसवलं, म्हणजे दोन्ही जोड्यांना आपापल्या वेगाने फिरता येईल. मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडी क्वात्रो आली. सुमारे २०० अश्वशक्ती, चारही चाकांना वाटलेली.

पुढच्या वर्षापासून ती रॅलीत उतरली. १९८१ मध्ये मिशेल मूतों या फ्रेंच महिलेने क्वात्रो चालवत इटलीतली सान रेमो रॅली जिंकली. जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतली फेरी जिंकणारी ती पहिली महिला. १९८२ चं उत्पादकांचं विजेतेपद ऑडीकडे गेलं. बर्फ, माती, खडी... जिथे पकड कमी तिथे क्वात्रोला तोड नव्हती. आता फक्त दोन चाकं ओढणारी गाडी संपली, असं वाटायला लागलं.

इथे इतिहासाने एक वळण घेतलं. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, लान्सियाची ०३७ ही फक्त मागच्या चाकांनी चालणारी गाडी उत्पादकांचं विजेतेपद घेऊन गेली. ती हलकी होती आणि कोरड्या डांबरी वळणांवर चपळ होती.

पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती कॉर्सिका बेटाची गोष्ट. तिथल्या रॅलीला दहा हजार वळणांची रॅली म्हणतात. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला दरी, जणू आपला वरंधा घाटच दिवसभर चालू आहे. २ मे १९८६ रोजी तिथे हेन्री तोइव्होनेन हा २९ वर्षांचा फिनिश चालक आघाडीवर होता. गाडी लान्सिया डेल्टा एस ४, चारही चाकं ओढणारी, साडेचारशेच्या वर अश्वशक्तीची. एका डाव्या वळणावर ती कठड्याविना रस्त्यावरून खाली गेली आणि पेटली. तो आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्तो, दोघेही गेले. त्या जातीच्या गाड्यांवर लगेच बंदी जाहीर झाली. गाडीला चार ओढणारी चाकं होती, पण त्या वळणावर ती चाकं त्याला वाचवू शकली नाहीत.

त्यानंतर तेरा वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याच कॉर्सिकात फिलिप ब्युगाल्स्की जिंकला. त्याची गाडी सिट्रोएन झारा, फ्रंट व्हील ड्राइव्ह, टर्बोसुद्धा नाही! समोर जगातल्या नामांकित ऑल व्हील ड्राइव्ह गाड्या होत्या. झारा त्यांच्यापेक्षा दोनशे किलोंहून अधिक हलकी होती आणि रस्ता डांबरी. त्याच वर्षी कॅटलोनियाची डांबरी रॅलीही त्याने जिंकली होती.

आता घरी परत येऊ. औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला श्कोडाने २००१ साली ऑक्टेव्हिया बनवायला घेतली. २००४ मध्ये तिची टर्बो आवृत्ती, ऑक्टेव्हिया आरएस, आली. वेगवान आणि पुढच्या चाकांची. २००७ पासून त्याच कारखान्यात ऑडीच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, त्यांत क्वात्रोवाल्याही आल्या. म्हणजे आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मराठवाड्यातल्या एकाच आवारातून बाहेर पडल्या. पुढे चाकणला मर्सिडीजची एएमजी ए ३५ जोडली जाऊ लागली. ३०६ अश्वशक्ती, एरवी पुढची चाकं ओढतात आणि गरज पडली की क्लचमधून मागच्यांना निम्म्यापर्यंत वाटा मिळतो. कर्जतचे बँकरच, फक्त क्षणात लागणारे आणि क्षणात सुटणारे!

अशा दोन गाड्या जुन्या खंडाळा घाटात चढवल्या तर? आखूड वळणातून बाहेर पडताना ऑल व्हील ड्राइव्ह आधी जोर लावू शकते, कारण ओढण्याचा खर्च चार टायरांत वाटला जातो. रस्ता ओला असेल तर हा फरक आणखी वाढतो. फ्रंट व्हील ड्राइव्हच्या चालकाला थांबावं लागतं. नाक सरळ झाल्यावर, स्टेअरिंग सुटत आल्यावर जोर लावायचा. अलीकडच्या चांगल्या गाड्यांत पुढच्या चाकांमध्ये खास डिफरन्शियल असतं, ते आतल्या चाकाचं फुकट फिरणं रोखून जोर बाहेरच्या चाकाला देतं, त्यामुळे नाक बरंच आत राहतं. शिवाय ही गाडी साधारण ऐंशी-शंभर किलो हलकी, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर वळणात शिरताना ती कमी पडत नाही.

आणि उतरताना? इथे सगळा हिशोब बदलतो. उतारावर ओढायचंच नसतं, अडवायचं असतं. आणि ब्रेक तर सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. मारुती ८०० लाही होते! तेव्हा ऑल व्हील ड्राइव्हमुळे गाडी लवकर थांबत नाही. वळणाचाही हिशोब तसाच. वेग दुप्पट झाला की वळायला लागणारी पकड चौपट होते. ताशी ४० च्या जागी ५६ ने शिरलात तरी ती जवळजवळ दुप्पट लागते. ती टायर आणि रस्ता यांच्याकडूनच यायची, किती चाकं ओढतात याच्याशी तिचा संबंध नाही.

धोका आहे तो इथेच. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी चढावर, ओल्यात चाक फिरवून आपल्याला आधीच सांगते, "बाबा, रस्ता निसरडा आहे." ऑल व्हील ड्राइव्ह तिथून निमूट निघून जाते. चालकाला वाटतं पकड भरपूर आहे. खरं काय ते त्याला पुढच्या वळणावर ब्रेक दाबल्यावर कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

आपल्या लोकांनी म्हणून ठेवलंय, अंथरूण पाहून पाय पसरावे. ऑल व्हील ड्राइव्हने पाय ऐसपैस ठेवता येतात, अंथरूण मात्र तेवढंच राहतं. अंथरूण मोठं करायचं असेल तर टायर बघा. नक्षी किती उरली आहे, हवा बरोबर आहे का. फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर वळणात घाबरून एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडू नका, मागचा भाग हलका होऊन बाहेर येतो. वेग वळणाआधी कमी करा आणि खालच्या गिअरमध्ये उतरा. हे दोन्ही गाड्यांना सारखंच लागू.

रेल्वेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. चढण्यासाठी बँकर दिले, पण उतरणाऱ्या गाडीसाठी ब्रेक तपासण्याचे कडक नियम केले, आणि ब्रेक निकामी झालेली गाडी अडवायला घाटात कॅच सायडिंग बांधली. आपल्या मोटारींसाठी अशी सायडिंग प्रत्येक वळणावर नसते. तिथे चालकाचा उजवा पायच काय तो आधार.

असो. दोन की चार, हा वाद चालू राहूदे, मला त्यात मजा वाटते. चढावर कोण पुढे जातं ते खुशाल मोजा. पण घाट उतरताना सगळ्यांनी मारुती ८०० चालवतोय असं समजूनच उतरावं, एवढं या म्हाताऱ्या मास्तराचं ऐका.